मोजलेलं, काढलेलं, धरलेलं

ड्रायव्हिंग सिम्युलेटर खेळणाऱ्या लोकांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारच्यांना गाडी चालवायची असते. दुसऱ्या प्रकारच्यांना ती गॅरेजमध्ये उभी करून आकडे बदलत बसायचं असतं. मी दुसऱ्यांतला. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर बसलो तर दोन तासांत वीस मिनिटंही ट्रॅकवर जात नाहीत. बाकीचा वेळ टायरमधली हवा, स्प्रिंगचा कडकपणा, चाकाचा तिरकेपणा, डॅम्पर, मागचा पंख किती कलता ठेवायचा यात जातो. या सगळ्या आकड्यांच्या तक्त्याला सेटअप म्हणतात. एकच गाडी, एकच ट्रॅक आणि एकच ड्रायव्हर असला तरी सेटअप बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो.

या छंदातली सगळ्यात मोठी भूक म्हणजे खऱ्या गाडीचे आकडे. कुठल्या तरी टीमच्या मेकॅनिकच्या कागदाचा फोटो, जुन्या रेस इंजिनिअरच्या पुस्तकातला तक्ता, ‘एफआयए’ या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे नोंदवलेला जुन्या गाडीचा फॉर्म. असं काही हाती लागलं की दिवाळी. समजूत साधी असते: गेम खरोखर खऱ्यासारखा असेल, तर खऱ्या गाडीचे आकडे त्यात घातल्यावर गाडीही खऱ्यासारखी पळायला हवी. आणि नाही पळाली, तर गेम खोटा.

ही समजूत किती तकलादू आहे हे बघायला टायरमधली हवा पुरते. समजा एका खऱ्या टीमच्या कागदावर लिहिलंय, ‘थंड टायर, २० पीएसआय’. गेज बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वर किती ते दाखवतं, म्हणून आधी त्यात १४.७ मिळवायचे. झाले ३४.७. टायर भरला तेव्हा हवा २५ अंश होती आणि चार फेऱ्यांनंतर टायरच्या आतली हवा ८५ अंशांवर गेली, असं धरू. अकरावीत शिकलेला वायूचा नियम लावला की गेजवर सुमारे २७ पीएसआय येतात. आता तोच कागद घेऊन तुम्ही गेममध्ये १५ अंशांची इंग्लंडमधली सकाळ निवडलीत आणि टायर पुन्हा ८५ अंशांपर्यंत तापले, तर गेज दाखवेल २८.४. रेसच्या टायरमध्ये दीड पीएसआयचा फरक म्हणजे गाडी दुसरीच. कागद खरा, आकडा खरा, टीम खरी. मात्र त्या आकड्याचा अर्धा भाग त्या दिवशीच्या हवेत होता आणि तो कोणी लिहून ठेवला नव्हता.

स्प्रिंगचीही हीच कथा. कागदावर लिहिलंय १२० न्यूटन प्रति मिलिमीटर. हा कडकपणा हातात धरलेल्या स्प्रिंगचा. गाडीत ती स्प्रिंग चाकावर थेट बसलेली नसते, मध्ये दांडे आणि तरफा असतात. चाक १० मिलिमीटर वर उचललं तर स्प्रिंग कदाचित ७ मिलिमीटरच दबते. हे ०.७ चं प्रमाण दोनदा गुणावं लागतं, कारण अंतरही कमी होतं आणि जोरही. त्यामुळे चाकापाशी जाणवणारा कडकपणा उरतो ५९च्या आसपास. काही सिम्युलेटर स्प्रिंगचा आकडा मागतात, तर ‘असेटो कोर्सा’सारखे काही चाकापाशी जाणवणारा. तिथे कागदावरचे १२० जसेच्या तसे भरले, तर गाडी दुप्पट कडक होते, प्रत्येक कर्बवरून उडते, आणि लोक म्हणतात, गेमचं फिजिक्स बेकार आहे.

उल्हासनगरबद्दलचा ‘मेड इन यूएसए’ हा विनोद आमच्या पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. उल्हासनगर सिंधी असोसिएशन, म्हणून यूएसए. लेबल परदेशी, माल कॅम्पातला. आकडे उचलून सेटअप करणं मला बराच काळ तसंच वाटायचं, फक्त लेबल शिवायचं. पण ज्यांनी उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने आतून पाहिलेत त्यांना हा विनोद अर्धाच आहे हे माहीत असतं. तिथला चांगला मास्टर परदेशी पँट समोर आली की लेबल बघत नाही. तो शिवण उसवतो. कापड उलटं करून बघतो, कुठे किती दाब सोडलाय, धुतल्यावर किती आटेल, ते बोटांनी मोजतो. मग आपल्याकडच्या कापडाला, आपल्या मशीनला आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या कमरेला जमेल असा नमुना कापतो. नक्कल म्हणायची असेल तर म्हणा, पण हे काम डोक्याचं आहे.

मला हा फरक नीट कळला तो तीन वर्षांपूर्वी, जेव्हा हे आकडे माझ्या खोलीतून बाहेर जाणार होते.

आमच्यासारख्यांना मोटर रेसिंग हा टीव्हीवरचा खेळ. भारतातली नाव घेण्याजोगी सर्किटं म्हणजे ग्रेटर नोएडाचं बुद्ध, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरचं कारी. २०११ साली बुद्धवर पहिली भारतीय ग्रांप्री झाली तेव्हा मी शाळेत होतो. ५.१२५ किलोमीटरची ती फेरी व्हेटेलने १ मिनिट २७.२४९ सेकंदांत मारली, हा आकडा मला अजून पाठ आहे. त्याच वर्षी फोर्स इंडियाने देशभरातून पोरं निवडण्यासाठी स्पर्धा घेतली, त्यात मुंबईचा जेहान दारूवाला निवडला गेला. पुढे तो फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये यान मार्डेनबरो नावाच्या पोराने ‘ग्रान तुरिस्मो’ या व्हिडिओ गेमवरची स्पर्धा जिंकली आणि दोन वर्षांत तो ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. मार्डेनबरोची गोष्ट ऐकून जगभरच्या कितीतरी पोरांनी घरी स्टिअरिंग मागितलं असेल. आमच्या घरी ती मागणी मंजूर व्हायला माझी नोकरी लागावी लागली. सेकंडहँड स्टिअरिंग, अंबरनाथ एमआयडीसीत चौकोनी पाइप वेल्ड करून घेतलेला सांगाडा, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेली मारुतीची सीट. बदलापूरच्या दहा बाय दहाच्या खोलीत हे सगळं बसवल्यावर कपाटाचं एक दार उघडेनासं झालं. ते आजही उघडत नाही.

रेसिंगमधलं बाकी सगळं पैशांवर चालतं. टायर, पेट्रोल, ट्रॅकचं भाडं. आकडे मात्र जवळपास फुकट मिळतात. म्हणून आमच्यासारखे लोक आकड्यांना धरून असतात. ते आकडे खरे असतील तर खोलीत बसून केलेल्या गोष्टीचा त्या जगाशी काही तरी संबंध आहे. खोटे असतील तर मी तिशीला टेकलेला माणूस रात्री दीड वाजता खेळण्याशी बोलतोय. आई हे दुसरं वाक्य अधूनमधून वेगळ्या शब्दांत ऐकवते.

तर, तीन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमचा फोन आला. ही स्पर्धा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विद्यार्थी स्वतः एकसीटर छोटी रेसकार बनवतात आणि ती घेऊन स्पर्धेला जातात. ७१० सीसीपर्यंतचं इंजिन, आणि त्याला जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून. दोन्ही टोकांच्या चाकांतलं अंतर किमान १५२५ मिलिमीटर. आमच्याकडच्या बऱ्याच टीम्सप्रमाणे यांनीही चाकणला बनणाऱ्या ‘३९०’ नावाच्या बाइकचं एका सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. स्पर्धा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर, जानेवारीत. गाडी तयार व्हायला डिसेंबर उजाडणार होता. म्हणजे ड्रायव्हरला खऱ्या गाडीत बसायला मिळणार जेमतेम दोन दिवस.

ड्रायव्हर तिसऱ्या वर्षातली मुलगी होती, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली. घरात चारचाकी नव्हती. लायसन्स काढलेलं, क्लासची गाडी महिनाभर चालवलेली, बाकी स्कूटर. टीमने तिला निवडलं ते तिचं वजन कमी म्हणून आणि ती घाबरत नाही म्हणून. टीमचं म्हणणं असं, की दादा, तुमच्याकडे रिग आहे, आपली गाडी ‘असेटो कोर्सा’त बनवू, ती दर शनिवारी बदलापूरला येऊन सराव करील.

बनवणं अवघड नव्हतं. त्या गेममध्ये गाडी म्हणजे साध्या टेक्स्ट फायली: एकीत वजन, एकीत सस्पेन्शन, एकीत टायर. भीती वेगळी होती. सिम्युलेटरमधली गाडी खऱ्यापेक्षा जास्त धरून राहणारी निघाली, तर ती मुलगी दोन महिने उशिरा ब्रेक मारायला शिकेल. तिच्या पायाला ते पाठ होईल. आणि मग एका सकाळी ती खऱ्या गाडीत, खऱ्या वेगात, तेवढ्याच उशिरा ब्रेक मारेल. शंकूंच्या पलीकडे काय असेल ते त्या जागेवर अवलंबून. आतापर्यंत माझ्या चुकीच्या आकड्याची शिक्षा मला मिळायची, तीही रिसेट बटण दाबून संपणारी. इथे आकडा मी लिहिणार होतो आणि गाडीत दुसरं कोणी तरी बसणार होतं.

आम्ही मोजायला घेतलं. वजन आधी. चार चाकांखाली ठेवायचे रेसिंगचे काटे महाग असतात. ओळखीच्या भंगारवाल्याचा एक इलेक्ट्रॉनिक काटा रविवारी मिळाला. काट्याच्या उंचीच्या तीन लाकडी फळ्या कापल्या, म्हणजे गाडी सपाट राहते, आणि एकेका चाकाखाली काटा फिरवला. ड्रायव्हर हेल्मेटसकट आत. चार आकड्यांची बेरीज २९० किलो, पुढे १३५, मागे १५५. मग मागची चाकं उचलून धरली आणि पुढच्या चाकांवरचं वजन किती वाढलं ते बघितलं. त्यावरून गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे ते गणिताने निघतं. स्टिअरिंगचं प्रमाण कोनमापक आणि दोऱ्याने. अर्धा दिवस गेला, पण संध्याकाळी ज्यांच्यावर वाद घालता येणार नाही असे दहा-बारा आकडे हातात होते.

गाडी स्प्रिंगवर किती जलद डुलते हेही फोनवर मोजता येतं. फोन घट्ट चिकटवायचा, त्यातल्या सेन्सरची नोंद चालू करायची आणि धक्का द्यायचा. पद्धत जमते का ते बघायला मी ती आधी बाबांच्या वॅगनआरवर केली. बदलापूरला स्पीडब्रेकरचा तुटवडा नाही. आलेख काढला तर सेकंदाला सव्वा-दीड डोल दिसले, घरगुती गाडीचा असायला हवा तेवढाच. विद्यार्थ्यांच्या गाडीचे मोजले तर अडीच. चाकापाशी कडकपणा किती आणि त्यावर वजन किती, यावरून गणिताने जे येत होतं त्याच्या जवळ. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो की बरं वाटतं.

खरा प्रश्न टायरचा होता. गाडीचं सगळं म्हणणं शेवटी चार तळव्यांएवढ्या रबराच्या ठिपक्यांतून रस्त्याला सांगितलं जातं. टायर किती वळवला की किती जोर देतो, याचं गणित हान्स पासेएका या डच प्राध्यापकाच्या सूत्राने करतात. ते १९८७ साली प्रसिद्ध झालं आणि त्याला रीतसर ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात. जादू अशासाठी की सूत्राच्या मागे रबराचं कुठलंही भौतिकशास्त्र नाही. मोजलेल्या ठिपक्यांवरून बरोबर जाणारी रेघ ते काढून देतं, एवढंच. म्हणजे मुळात मोजलेले ठिपके हवेत.

ते मिळण्याची सोय आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या संघांसाठी अमेरिकेत एक टायर चाचणी मंडळ आहे. सभासद संघ वर्गणी भरतात आणि बफेलो शहरातल्या कॅलस्पन या संस्थेच्या यंत्रावर या स्पर्धेत वापरले जाणारे टायर तपासून घेतले जातात. डेटा सभासद संघांपुरताच असतो, त्यामुळे टायरची फाइल टीमने त्यांच्याच लॅपटॉपवर बनवली आणि तो लॅपटॉपच दर शनिवारी रिगला लागायचा. जगातला यापेक्षा खरा डेटा आमच्यासारख्यांना मिळणं शक्य नव्हतं. प्रत्येक टायर, प्रत्येक दाब, प्रत्येक कोन, हजारो नोंदी.

त्या डेटाने बनवलेल्या गाडीने सिम्युलेटरमध्ये गोल फेरी मारली ४.३ सेकंदांत. ही फेरी म्हणजे स्पर्धेतली स्किडपॅडची चाचणी: शंकूंनी आखलेलं वर्तुळ, गाडीच्या वाटेचा व्यास १८.२५ मीटर, त्यात न घसरता जितक्या जलद फिरता येईल तितकं. ४.३ सेकंद म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट जोराने गाडी आतल्या बाजूला ओढली जातेय. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठांच्या पंखवाल्या गाड्यांनाही जे सहजासहजी जमत नाही ते आमच्या बिनपंखांच्या गाडीला पहिल्याच दिवशी जमलं.

कारण जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं. कॅलस्पनच्या यंत्रात टायर फिरतो तो डांबरावर नाही. एका पोलादी पट्ट्यावर खरखरीत कागद चिकटवलेला असतो, १२० ग्रिटचा. आपण लाकूड घासायला पॉलिश पेपर आणतो त्याच जातीचा. त्यावर रबर भन्नाट धरतं. म्हणून जगभरचे संघ त्या डेटातली पकड साधारण दोन तृतीयांशाने गुणून मग वापरतात. आकडा खोटा नाही. अतिशय काटेकोर मोजलेला आहे, पण पॉलिश पेपरवर, आणि कोइमतूरचा रस्ता पॉलिश पेपरचा नाही.

दोन तृतीयांश केल्यावर फेरी आली ५.२५ सेकंदांवर. हे शक्य वाटण्यासारखं होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी चालू झाली तेव्हा कॉलेजच्या पार्किंगच्या मैदानात खडूने वर्तुळ आखलं आणि टीममधल्या अनुभवी मुलाने गाडी फिरवली. स्टॉपवॉचवर ५.७ सेकंद. हिशेब केला तर यंत्रावरच्या पकडीच्या सत्तावन्न टक्के. मैदान झाडून घेतलं होतं, तरी धूळ होती.

मग वाद झाला. टीमचा सस्पेन्शन बघणारा मुलगा म्हणाला, आपला मोजलेला आकडा आहे, ०.५७ टाका. दुसरा म्हणाला, कारीचा ट्रॅक रेसचा आहे, मैदानासारखा धुळकट नाही, सगळे दोन तृतीयांश घेतात, आपणही तेच घेऊ. दोघांचंही बरोबर होतं, कारण दोघं दोन वेगवेगळ्या रस्त्यांबद्दल बोलत होते. जिथे शर्यत होणार होती त्या रस्त्यावर आमच्यातल्या कोणीच काही मोजलेलं नव्हतं.

हा वाद आमच्या हॉलमध्ये चालला होता. बाबा पेपर वाचत होते. ते अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं टर्नर होते. शांतपणे म्हणाले, “अरे, ड्रॉइंगवर माप लिहिलं की शेजारी कमी-जास्त किती चालेल ते लिहितात. तुमच्या या आकड्यांच्या शेजारी काहीच कसं नाही?”

आम्ही बघत राहिलो. माझ्या तक्त्यात जवळपास साठ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक आकडा, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. काट्यावर मोजलेलं वजन, सूत्राने काढलेला गुरुत्वमध्य आणि कुठल्या तरी दुसऱ्या संघाच्या अहवालातून उचललेलं डॅम्परचं माप, सगळे एकाच अक्षरात, एकाच ऐटीत बसले होते. बघणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता की कुठल्यावर पाय ठेवला तर तो खाली जाईल.

बाबांनी पेन्सिल मागितली. वर्कशॉपमध्ये जुना तुटलेला पार्ट आला आणि ड्रॉइंग नसलं की ते कसं काम करायचे ते त्यांनी सांगितलं. व्हर्नियरने जे मापता येतं ते आधी लिहायचं. त्यावरून हिशेबाने जे निघतं ते वेगळं लिहायचं. आणि झिजून गेलेलं, मापता येत नाही असं जे उरतं, ते अंदाजाने धरायचं, पण धरलंय असं लिहून ठेवायचं. आणि मशीनवर घेताना त्या बाजूला थोडा माल जास्त ठेवायचा. मग जागेवर बसवून बघत घासायचं.

त्या रात्री तक्त्यात दोन रकाने वाढले. एकात कमी-जास्त किती. दुसऱ्यात तीनपैकी एक शब्द: मोजलेलं, काढलेलं, धरलेलं. साठ ओळींपैकी मोजलेल्या निघाल्या एकोणीस, काढलेल्या सतरा. उरलेल्या चोवीस धरलेल्या, आणि टायरची पकड त्यांच्यात होती.

यावरून पकडीचा प्रश्न सोडवायची वाट निघाली. एक आकडा ठरवायचाच नाही. टायरच्या दोन फायली केल्या, एक ०.५७ ची आणि एक ०.६६ ची. शनिवारी ती आली की मी दहा-दहा मिनिटांनी मनाला येईल ती लावायचो आणि तिला सांगायचो नाही. पहिल्या शनिवारी ती वैतागली. “दादा, मघाशी इथे वळत होती, आता का नाही वळत?” तिसऱ्या शनिवारी पहिल्या दोन वळणांतच तिला कळायला लागलं की आज रस्ता कसा आहे. ब्रेकची जागा पाठ करणं तिने सोडलं. पहिल्या फेरीत ती हळूच विचारून बघायची, मग गाडी जेवढं देईल तेवढं घ्यायची. सेटअपच्या तक्त्यात न मावणारी ही एक गोष्ट त्या तक्त्यातल्या अनिश्चिततेमुळे तिला मिळाली.

ब्रेकचं पेडल हा दुसरा खड्डा. माझं पेडल किती खाली गेलं ते मोजतं. खऱ्या गाडीत किती जोराने दाबलं त्यावर सगळं असतं. नियमाप्रमाणे स्पर्धेच्या गाडीचं पेडल २००० न्यूटन जोर सोसणारं असावं लागतं, म्हणजे घाबरून पूर्ण ताकदीने उभं राहिलं तरी वाकता कामा नये. आम्ही घरातला वजनकाटा पाय आणि पेडलच्या मध्ये धरून खऱ्या गाडीची चाकं किती जोराला अडकतात ते बघितलं. पंचेचाळीस किलोच्या आसपास. माझ्या पेडलला बारा किलोही लागत नव्हते. उल्हासनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून वेगवेगळे रबरी बुश आणले आणि एकावर एक घालून पेडल चाळीस किलोपर्यंत नेलं. पहिल्या दिवशी तिची पोटरी भरून आली. सीट मागे सरकू नये म्हणून सांगाडा भिंतीला टेकवावा लागला. भिंतीला तिथे खड्डा आहे.

जानेवारीत ते सगळे कोइमतूरला गेले. मला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही, आमचं एक रिलीज त्याच आठवड्यात होतं. मी फोनवरच होतो. स्किडपॅडला तिची वेळ आली ५.४. मी मीटिंग चालू असताना कागदावर हिशेब केला: ०.६३. आमच्या दोन फायलींच्या मध्ये. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे शंकूंच्या नागमोडी वाटेवर, तिने एक शंकू पाडला. त्याचे दोन सेकंद दंड. बाकी फेरी नीट. २२ किलोमीटरच्या शेवटच्या लांब शर्यतीत तिने तिचा अर्धा भाग पूर्ण करून गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली, आणि चौथ्या फेरीत साखळी उतरून गाडी उभी राहिली. या शर्यतीत बऱ्याच गाड्या पूर्ण होत नाहीत. तरी रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर सगळ्यांचे चेहरे पडलेले होते.

परत आल्यावर ती पुढच्या शनिवारी घरी आली, आईसाठी केळ्याचे वेफर्स घेऊन. मी विचारलं, कसं होतं, सारखं होतं का? तिने बराच विचार केला. म्हणाली, वळणं सारखी होती. ब्रेक सारखा होता, पण गरम झाल्यावर पेडल खाली जायला लागलं, ते तुमच्याकडे नव्हतं. आणि गाडी एवढी थरथरते की आरशात काही दिसत नाही, तेही नव्हतं. मग म्हणाली, “आणि दादा, मान दुखते. तुमच्या आकड्यांत मान कुठे होती?”

तिला तक्ता काढून दिला. स्किडपॅडच्या वेळेमुळे पकडीची ओळ आता काढलेली झाली होती, कारी ट्रॅक, जानेवारी, सकाळ, असं शेजारी लिहून. तिने स्वतःच्या अक्षरात खाली तीन ओळी वाढवल्या. ब्रेक गरम झाल्यावर पेडल किती खाली जातं. थरथर किती. सहा फेऱ्यांनंतर मान. तिन्हींच्या पुढे आकड्याचा रकाना रिकामा, आणि शेवटच्या रकान्यात तिने आमच्या तीन शब्दांतला एकही लिहिला नाही. तिथे लिहिलं, ‘मोजायचंय’.

आता ती शेवटच्या वर्षाचीही राहिली नाही, पुण्यात नोकरीला लागली. तक्ता पुढच्या बॅचकडे आहे आणि त्यांची नवी गाडी या डिसेंबरात उभी राहील. धरलेल्या ओळी चोवीसच्या चौदा झाल्यात. बाबा अधूनमधून विचारतात, किती उरल्या. थरथरीचा आकडा गेल्या वर्षीच्या मुलांनी फोन चिकटवून आणला. पेडलसाठी या वर्षीची मुलं एक स्वस्त सेन्सर लावून बघणार आहेत. मानेची ओळ अजून रिकामी आहे.